मिलिंदला, ऑपरेशनआधी

प्रिय मिलिंद,

काल फोनवर तू म्हणालास, "ऑपरेशन झालं की आठ-दहा दिवस गुपचूप पडून राहायचं." वहिनी शेजारी होत्या म्हणून तेव्हा बोललो नाही, पण तेवढं एक करू नकोस. त्यासाठीच हे पत्र.

तुझी शस्त्रक्रिया जठरातली कर्करोगाची गाठ काढायची, म्हणजे छेद पोटाच्या वरच्या भागात, श्वासपटलाच्या, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासाच्या स्नायूच्या, अगदी जवळ. भूल दिली की फुप्फुसाच्या तळाकडचे बारीक वायुकोश मिटायला लागतात आणि कफ वर ढकलणारी श्वासनलिकेतली लव मंदावते. शुद्धीवर आल्यावर टाके दुखतात म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो. मग कफ खाली साचतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. गाठ नीट निघाली तरी पुढचे दिवस अवघड होतात ते कित्येकदा यामुळे.

म्हणून दुखलं तर सांग. तुझा स्वभाव मला माहीत आहे, दात-ओठ खाऊन गप्प बसशील. वेदना आटोक्यात असली तरच श्वास खोल जातो, खोकता येतं, उठता येतं. नर्सने विचारलं तर "ठीक आहे" म्हणू नकोस. उठण्याच्या थोडं आधी औषध मिळेल का, ते आपणहून विचार.

माझं आतड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दुसऱ्याच दिवशी सकाळी फिजिओथेरपिस्ट बाई हजर. आधी कुशीवर वळवलं, मग कोपरावर भार देऊन बसवलं, पाय खाली सोडून तसंच थांबवलं. डोळ्यांपुढे अंधारी आली, ती ओसरेपर्यंत त्यांनी घाई केली नाही. मग एक हात सलाईनच्या स्टँडवर, लघवीची पिशवी नर्सच्या हातात, अशी आमची वरात खोलीच्या दारापर्यंत गेली. पण उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा श्वास खालपर्यंत उतरल्याचं जाणवलं. झोपलेलं असताना पोटातले अवयव श्वासपटलाला वर ढकलतात, उभं राहिलं की त्याला जागा मिळते.

खोकताना घडी केलेली उशी टाक्यांवर घट्ट दाबून धर. खोकला येत नसेल तर तोंड उघडं ठेवून, आरशावर वाफ धरावी तसा श्वास जोरात बाहेर सोड. कफ सुटतो. श्वासाच्या व्यायामाचं, आत तीन छोटे चेंडू असलेलं यंत्र देतील, त्यात फुंकायचं नाही, हळूहळू श्वास आत ओढायचा आणि क्षणभर धरायचा. जागेपणी दर तासाला दहाएक वेळा करायला सांगतात. जरूर कर, पण त्याच्यावरच भिस्त ठेवू नकोस. नुसत्या यंत्राने फारसा फरक पडतो असं अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही. माझा भरवसा उठण्या-चालण्यावर जास्त.

आणि हे आत्ताच शिकून घे. 2018 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या 441 रुग्णांचा. पोटाच्या वरच्या भागाचं ऑपरेशन होण्याआधी काहींना फिजिओथेरपिस्टने अर्धा तास बसून हे सगळं समजावलं, श्वासाचे व्यायाम करून घेतले. बाकीच्यांना फक्त माहितीपत्रक दिलं. फुप्फुसाचा त्रास माहितीपत्रकवाल्यांत 27 टक्क्यांना झाला, शिकवलेल्यांत 12 टक्क्यांना. अर्ध्या तासाच्या शिकवणीने एवढं होतं, हे वाचून मी थक्क झालो होतो.

दुसरी भीती रक्ताच्या गुठळीची. कर्करोगात रक्त लवकर गोठतं, त्यात पडून राहणं. पोटरीतली गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं. म्हणून रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं घरी गेल्यावरही साधारण चार आठवडे चालू ठेवायला सांगतात, ती चुकवू नकोस. एकच पाय सुजला, अचानक धाप लागली, छातीत कळ आली किंवा थुंकीतून रक्त पडलं, तर सकाळची वाट न बघता लगेच दवाखाना गाठायचा. वहिनींनाही सांगून ठेव.

घरी गेल्यावर थकवा येईल. एकदम लांब चालण्यापेक्षा दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं चाल. जड उचलायचं कधी, ते सर्जनच सांगतील.

आता एक काम कर. सर्जनना फोन करून ऑपरेशनआधी फिजिओथेरपिस्टची वेळ मागून घे आणि मला कळव. मी बरोबर येतो.

तुझा,
अविनाश