कोडी फक्त स्कॉलरशिपच्या मुलांनाच का?

संपादक महोदय,
शाळेतल्या स्कॉलरशिप परीक्षेला बुद्धिमत्ता चाचणी असते म्हणून तर्काची कोडी फक्त परीक्षेला बसणाऱ्या मुलांनाच, तीही जादा तासाला घड्याळ लावून देतात, बाकीचा वर्ग कोरडाच. वाघ, शेळी आणि गवताचा भारा नावेतून पलीकडे न्यायचं जुनं कोडं (नावेत माणसाबरोबर एका वेळी एकच मावतं आणि माणूस जवळ नसला की वाघ शेळीला खातो, शेळी गवत खाते) चौघाचौघांच्या गटात देऊन बघा, पोरं हमखास चौथ्या फेरीला अडकतात, कारण पलीकडे नेलेली शेळी परत आणायची हे पटकन सुचतच नाही आणि एकाला सुचलं की काय गलका होतो वर्गात! एकूण 7 फेऱ्या लागतात, पण सरांनी-बाईंनी उत्तर लगेच सांगू नये, 'असंच का?' हे मुलांनाच फळ्यावर मांडू द्यावं. आठवड्यातला एक ऑफ पिरियड याला द्या ना, प्लीज.

- एक पालक