बाईंची खूण जपणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

तुमचं नाव कुठं लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं दादा म्हणते. आभार मात्र उघडपणेच मानणार. परवा पहिलीच्या वर्गात गोष्टीचा पहिला व्हिडिओ लावला. पडद्यावरच्या बाईंनी भुवया उंचावून "जेवलात का?" असं खुणेनं विचारलं आणि पोरांनी पडद्याकडं बघत आपापली उत्तरं द्यायला सुरुवात केली. कुणी भात म्हणालं, कुणी नुसतीच मान हलवली. हे तुमच्यामुळं झालं. लिहिताना अजूनही गळा दाटतो.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमची शाळा कर्णबधिर मुलांची. सांकेतिक भाषेत हात बोलतात तितकाच चेहराही बोलतो. हातांची खूण तीच ठेवून भुवया उंचावल्या की साध्या वाक्याचा प्रश्न होतो. दिल्लीत 2015 साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झालं, त्यांचा व्हिडिओंचा शब्दकोश आमच्या मोठ्या मुलांना फार उपयोगी पडतो. लहानांना मात्र शब्दांआधी गोष्ट लागते, आणि गोष्ट सांगणारं ओळखीचं माणूस लागतं. आमच्याकडं ते माणूस होतं. आमच्या निवृत्त बाई स्वतः कर्णबधिर, जन्मभर मुलांना गोष्टी सांगत आलेल्या. त्यांच्याच परवानगीनं त्यांचं स्कॅन करून त्यांचा थ्रीडी चेहरा बनवायचा, म्हणजे नव्या नव्या गोष्टी त्यांच्या तोंडून, म्हणजे त्यांच्या हातून, सांगता येतील, असं ठरलं.

चेहरा बनून आला. शांत असताना अगदी बाईच. पण प्रश्न विचारायला भुवया उचलल्या की उजवी भुवई आतल्या टोकाला जास्त चढायची आणि बाहेरचं टोक खालीच राहायचं. एका मुलीनं मला खुणेनं विचारलं, "बाई रडणार आहेत का?" जेवण झालं का एवढंच विचारणारी बाई मुलांना रडवेली दिसत असेल, तर ती भाषाच चुकीची शिकवली जाते. ऐकणाऱ्या मुलांना सगळे उच्चार चुकीचे ऐकवावेत, तितकंच हे गंभीर आहे.

ज्या स्टुडिओनं काम केलं होतं, त्यांना हे पटवून देता देता मी थकले. "माणसाचा चेहरा दोन्हीकडं सारखा नसतोच मॅडम," हे वाक्य मला इतक्यांदा ऐकवलं गेलं! ते खरंच आहे, पण जन्मानं आलेला वाकडेपणा आणि कामात राहिलेला वाकडेपणा यात फरक असतो की नाही? फारच मागे लागले तेव्हा त्यांनी सिमेट्राइझ करून, म्हणजे चेहऱ्याची एक बाजू दुसरीकडं आरशासारखी उमटवून, फाइल परत पाठवली. बाईंचं नाक बारीक झालं होतं. तक्रार केली तर दुसऱ्या बाजूनं करून पाठवली, तेव्हा नाक रुंद. आणि दोन्ही वेळा, काम नीटनेटकं दिसावं म्हणून असेल, डाव्या भुवईवरचा व्रण पुसून टाकलेला.

त्या व्रणाबद्दल मला कुणीही एका शब्दानं विचारलं नव्हतं, आणि ते मी विसरू शकत नाही. कर्णबधिर माणसं एकमेकांना खुणेची नावं ठेवतात. पुष्कळदा ती दिसण्यावरून पडतात. आमच्या बाईंचं नाव म्हणजे तर्जनी डाव्या भुवईवरून तिरकी ओढायची. लहानपणी विहिरीच्या काठावर पडून झालेली जखम ती. शाळेत आलेली प्रत्येक पिढी त्यांना याच नावानं हाक मारते. तो व्रण काढला म्हणजे बाईंचं नावच काढलं.

तुमच्याकडं फाइल आली तेव्हा माझी सगळी उमेद संपली होती. तुम्ही दिवसभर पुण्यात गेमसाठी चेहरे करता, घरी येऊन पुन्हा तेच काम कोण करणार? तुम्ही केलंत. पण त्याआधी, कशालाही हात न लावता, तुम्ही एक चित्र पाठवलंत. चेहऱ्यावर दोन बारीक गोल काढलेले, एक डाव्या भुवईवर, एक उजव्या गालाच्या खळीवर. खाली लिहिलं होतं, "ताई, हे दोन्ही बाईंचं स्वतःचं आहे ना? तसं असेल तर याला धक्का लावणार नाही. बाकीचं बघतो."

दादा, तो मेसेज मी बाईंना दाखवला. त्यांनी वाचला, मोबाइल माझ्या हातात परत दिला आणि भुवईवरून बोट ओढून स्वतःचं नाव सांगितलं. मग तुमचं नाव विचारलं.

नेमकं काय बिघडलं होतं ते तुम्ही फोनवर इतक्या शांतपणे सांगितलंत की माझ्यासारख्या भाषेच्या शिक्षिकेलाही समजलं. स्कॅनच्या वेळी बाईंच्या डाव्या खांद्यावर पदर होता. संगणकानं पदरासकट मध्य काढला आणि त्यालाच शून्य मानलं. नंतर पदर कापून टाकला, पण मध्य तिथंच राहिला. म्हणजे नाक शून्याच्या रेषेवर नव्हतंच, दोन मिलिमीटर उजवीकडं होतं. डाव्या भुवईची उचल हातानं घडवून तीच उजवीकडं मिरर केलेली. मिरर होतो शून्यावरून, त्यामुळं जोडीचा बिंदू दुप्पट, म्हणजे चार मिलिमीटर चुकतो आणि उजवी उचल आत नाकाकडं सरकते. कागदावर चेहरा काढून घडी नाकावरून न घालता शेजारून घालावी, तसं झालं होतं. नाक आधी बारीक आणि मग रुंद का झालं, तेही यातच कळलं.

तुम्हीच हेही सांगितलंत की पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन या मानसशास्त्रज्ञांनी 1978 साली चेहऱ्याच्या हालचालींना क्रमांक देणारी पद्धत मांडली, त्यात भुवईचं आतलं टोक उचलणं हा 1 आणि बाहेरचं टोक उचलणं हा 2. बाईंच्या उजवीकडं 1 जास्त पडत होता आणि 2 कमी, आणि नुसता 1 चढला की माणूस दुःखी किंवा काळजीत दिसतो. म्हणजे आमच्या त्या मुलीनं अगदी बरोबर वाचलं होतं. स्टुडिओतल्या एवढ्या मंडळींना जे दिसलं नाही, ते एका सात वर्षांच्या पोरीला दिसलं. हे मी तिला आवर्जून सांगितलंय.

पुढचं सगळं तुम्ही कसं केलंत ते मी इथं लिहीत बसत नाही. एकच सांगते. दुरुस्त फाइल ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर व्हर्टेक्स ग्रुपच्या, म्हणजे चेहऱ्यावरच्या बिंदूंच्या गटांच्या यादीत, इंग्रजी नावांच्या रांगेत, एक नाव देवनागरीत दिसलं: "बाईंची खूण". चेहरा दोन्हीकडं सारखा करताना मूळ स्कॅनचा आकार तुम्ही वेगळ्या शेप कीमध्ये, म्हणजे चेहऱ्याचा एकेक आकार साठवायच्या कप्प्यात, जपून ठेवलात आणि तो व्रण आणि खळी एवढ्याच जागी चालू राहील असं केलंत. पुढं कुणीही ही फाइल उघडली तरी त्याला कळावं की हे पुसायचं नाही. तुम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. याचे पैसे नव्हते. खरं तर कशाचेच पैसे तुम्ही घेतले नाहीत, आणि दोनदा विचारल्यावर रागावलातसुद्धा.

हुशार माणसं मी बरीच पाहिली. समोरच्याचं काम हातात घेताना त्यातलं त्याचं काय आहे, हे आधी विचारून घेणारी माणसं फार थोडी भेटली. तुमच्या आईवडिलांनाही माझा नमस्कार सांगा. हे शिकवणीनं येत नाही, घरातून येतं असं मला मनापासून वाटतं.

आता एक मागणं. बाईंना तुमचं खुणेचं नाव ठेवायचंय. माणूस प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय त्या नाव ठेवत नाहीत, फोटो पाठवला तर चालणार नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीआधी एखाद्या शनिवारी या. शनिवारी शाळा सकाळची असते, मुलं साडेअकरापर्यंत असतात. जेवायला बाईंच्याच घरी जायचंय.

तुमची,
शाळेतली ताई