‘साइज’ हा एकच शब्द, पण गोष्टी तीन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दारव्हा तालुक्यात माझा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. रोल धुण्याच्या काळापासून, म्हणजे गेली 28 वर्षे, हेच काम करतो. शिष्यवृत्तीच्या अर्जांचे दिवस आले की नवा फोटो काढणाऱ्यांबरोबर नाकारलेला फोटो घेऊन परत आलेली माणसेही रोज दारात उभी असतात. त्यांच्यासाठी हे पत्र.

मागच्या आठवड्यात एक बाप मुलीला घेऊन आला. दोघेही मजुरी पाडून आलेले.

“भाऊ, पोरीचा फार्म पुन्हा वापस आला ना. फोटोची साइज चुकली म्हनते. तुमी त मापानंच काढला होता ना? तिसरी चक्कर हाय आमची.”

फोटो मी मापानेच काढला होता. प्रिंटही दिली होती, फाइलही दिली होती. म्हणून अर्जाची सूचना मोबाइलवर उघडून वाचली. एका ओळीत ‘साइज 3.5 × 4.5 सेंमी’, तिच्याखाली ‘साइज 20 ते 50 केबी’ आणि शेवटी सुटे ‘200 डीपीआय’. कागदावरची लांबी-रुंदी हीही साइज आणि फाइलचा भार हीही साइज! फोटोत पिक्सेल, म्हणजे रंगाचे चौकोनी ठिपके, किती हवेत ते मात्र कुठेच लिहिलेले नाही. खरे काम तर त्यांच्यावरच चालते.

डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके बसवायचे तो आकडा. कपाशी किती फुटांवर लावायची एवढेच सांगितले आणि वावर किती एकर ते सांगितले नाही, तर झाडे किती लागतील हे कोणाला कळेल? अंतर आणि क्षेत्र दोन्ही लागते. इथेही सेंटिमीटर आणि डीपीआय यांचा गुणाकार केला की 276 × 354 पिक्सेल निघतात. एक इंच म्हणजे 2.54 सेंटिमीटर, हे धरून मी कॅल्क्युलेटरवर काढले. हा हिशेब बारावीच्या पोरीने सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहून करावा, अशी अपेक्षा आहे का?

फॉर्म भरून देणाऱ्या मुलाने ‘साइज कमी करा’ याचा अर्थ लावला तो लांबी-रुंदीचा. फोटो 80 पिक्सेल रुंदीवर आणला. तो 20 केबीच्या खाली गेला, म्हणून पुन्हा ताणून मोठा केला. केबी बसले, अर्ज गेला आणि तपासणीत ‘चेहरा अस्पष्ट’ म्हणून परत आला. ती फाइल मी स्क्रीनवर मोठी करून मुलीला दाखवली. डोळ्याच्या जागी करडा डाग, पापणी आणि भुवई एकमेकींत मिसळलेल्या, कपाळावरची बारीक टिकली तर कातडीच्या रंगात विरून गेलेली. शेजारी माझी मूळ फाइल उघडली, तिच्यात पापणीचा केस न् केस दिसत होता. पोरगी काहीच बोलली नाही. बाप म्हणाला, “हे तं आमची पोरगीच नाई वाटत.” एकदा गेलेले ठिपके फोटो ताणून परत येत नाहीत. सॉफ्टवेअर शेजारच्या रंगांवरून अंदाजाने जागा भरते, तो अंदाज म्हणजे चेहरा नव्हे.

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला कोणी सांगितलेच नाही की पिक्सेल तेवढेच ठेवूनही केबी कमी करता येतात. 276 × 354 पिक्सेलचा रंगीत फोटो न दाबता ठेवला तर सुमारे 286 केबी होतो. जेपीईजी म्हणजे फोटो दाबून ठेवणारा फाइलचा प्रकार; त्यात सेव्ह करताना ‘क्वालिटी’ थोडी खाली आणली की तोच फोटो 50 केबीच्या आत येतो आणि चेहरा शाबूत राहतो. मात्र जेपीईजी म्हणजे कापसाची गाठ नव्हे. प्रेसिंगमध्ये 170 किलोची गाठ बांधतात, ती सोडली की रुई पुन्हा फुलते, काही हरवत नाही. जेपीईजी दाबताना बारीक तपशील कायमचा टाकून देते. म्हणून तीच फाइल पुन्हा पुन्हा दाबून सेव्ह करू नये, दर वेळी मूळ फाइलपासून सुरुवात करावी.

माझ्या दुकानात मी केबीला ‘फोटोचे वजन’ म्हणतो. शाळा न शिकलेल्या आजीलाही ते लगेच कळते. अर्ज तयार करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की ‘साइज’ हा शब्दच काढून टाका. माप सेंटिमीटरमध्ये, ठिपके पिक्सेलमध्ये आणि वजन केबीमध्ये, अशा तीन वेगळ्या ओळी मराठीत छापा.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. अर्जांच्या हंगामाआधी याची एक चौकट द्यावी. शिवाय श्रद्धांजलीच्या जाहिरातीसाठी फोटो मागवताना ‘व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असे जरूर लिहावे. साध्या फोटोसारखा पाठवला की व्हॉट्सअॅप तो दाबून लहान करते आणि गेलेल्या माणसाचा चेहरा अंकात धूसर उमटतो. घरच्यांना ते फार लागते. असे कात्रण घेऊन माझ्याकडे माणसे आली आहेत.

त्या मुलीचा फोटो मी 276 × 354 पिक्सेल, 32 केबी असा करून वडिलांच्या मोबाइलवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला. दुरुस्तीची मुदत संपायला तेव्हा दोन दिवस बाकी होते.

आपला,
एक फोटो स्टुडिओचालक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ