मुग्धा, रजेवर जाण्याआधी एवढं कर

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

सहा महिन्यांनी परत गेल्यावर माझं प्रॉडक्ट माझ्याकडेच राहील का, आणि बाळ सांभाळून हे काम जमतं का, असं तू विचारलंस. तुझे किती निर्णय कागदावर आहेत आणि किती नुसते डोक्यात, यावर बरंचसं अवलंबून आहे. प्रॉडक्ट मॅनेजरचं मुख्य काम ठरवणं. ठरवण्यामागचं कारण तिच्याच डोक्यात राहिलं की टीम तिच्यापाशी अडते, आणि मग रात्री साडेनऊला, बाळाला झोपवताना, फोन वाजतो.

हँडओव्हर, म्हणजे काम दुसऱ्याच्या हाती सोपवणं, गरोदरपणाच्या २८व्या आठवड्याला सुरू कर आणि ३४व्याला संपव. ३७ आठवड्यांनंतर बाळ पूर्ण दिवसांचं मानतात, तारखेची वाट बघतंच असं नाही. एक शेअर्ड डॉक्युमेंट उघड, त्यात पाच रकाने: तारीख, काय ठरलं, कोणते पर्याय सोडले, का सोडले, पुन्हा केव्हा बघायचं. चौथा रकाना लोक हमखास रिकामा ठेवतात. तुमच्याच ऑटोपेचं घे, म्हणजे ठरलेल्या तारखेला खात्यातून आपोआप पैसे कापण्याचं. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवायचं हा रिझर्व्ह बँकेचा नियम. समजा तुम्ही ४८ तास ठेवलेत, कारण आदल्या दिवशी कळलं तर खात्यात पैसे भरायला लोकांना वेळ पुरत नाही आणि शिल्लक नाही म्हणून व्यवहार फसतो. हे कारण लिहिलेलं नसेल तर तुझ्या रजेच्या तिसऱ्या महिन्यात कोणीतरी हुशार माणूस ‘नियम तर २४चा आहे’ म्हणून ते बदलेल, आणि पुढच्या महिन्यात फसलेले व्यवहार का वाढले ते कोणालाच कळणार नाही.

दुसरा कागद रिलीज, म्हणजे ॲपची नवी आवृत्ती लोकांना देणं, थांबवण्याचा. हा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ॲप स्टोअरवर टप्प्याटप्प्याने रिलीज केलं की सात दिवसांत १, २, ५, १०, २०, ५० आणि १०० टक्के लोकांपर्यंत असं आपोआप पुढे सरकतं. प्ले स्टोअरवर टक्के तुम्ही ठरवता. दोन्हीकडे मध्येच थांबवता येतं, पण ज्यांच्या फोनवर नवी आवृत्ती गेली ती थांबवल्याने परत येत नाही. म्हणून जोखमीचा भाग सर्व्हरवरून बंद करता येईल अशा फीचर फ्लॅगमागेच, म्हणजे चालू-बंद करायच्या बटणामागेच, हवा. मग नियम लिहायचा: टेक्निकल डिक्लाइनचं, म्हणजे यंत्रणेतल्या बिघाडाने फसलेल्या व्यवहारांचं, प्रमाण त्या वाराच्या, त्या तासाच्या नेहमीच्या पातळीपेक्षा अमुक इतकं वर गेलं आणि १५ मिनिटं तिथेच राहिलं, तर ड्यूटीवरचा इंजिनिअर फ्लॅग बंद करेल, कोणालाही विचारणार नाही. ‘अमुक’ आकडा मागच्या तीन-चार महिन्यांच्या ग्राफवरून काढ, अंदाजाने टाकू नकोस. आणि एकूण फसलेले व्यवहार मोजू नकोस. पिन चुकला, शिल्लक नाही, हे बिझनेस डिक्लाइन. ते महिनाअखेरीला वाढले म्हणजे तुमचं रिलीज बिघडलं असं नव्हे. दोन्ही एकत्र मोजलं की चांगलं फीचर उगाच बंद होतं, आणि दोनदा असं झालं की इंजिनिअर पुन्हा तुलाच विचारू लागतो. रिलीज मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करणाऱ्याला मूल असो-नसो, शहाणा म्हणता येणार नाही.

शेवटचे तीन आठवडे मीटिंग तुझ्या जागी येणाऱ्यालाच घेऊ दे. तू बसायचं आणि गप्प राहायचं. तुला ते जड जाणार, मला माहीत आहे.

आता कायद्याचं. २०१७च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. अट एवढीच, की अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं हवं. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं. रजेनंतर घरून काम मात्र कामाचं स्वरूप बघून, दोघांच्या संमतीने. त्यामुळे ते तोंडी ठरवू नकोस. रजेच्या काळात नोकरीच्या अटी तुझ्या तोट्याच्या करता येत नाहीत, पण ‘तुझं प्रॉडक्ट दुसऱ्याला दिलं’ हे अटींत बसतं का, यावर वाद घालत बसावं लागतं. म्हणून जाण्याआधी ईमेलवर तीन गोष्टी विचारून घे: परत आल्यावर कोणतं प्रॉडक्ट, कोणाच्या हाताखाली, आणि अप्रेझल कशावर. रेटिंग प्रत्यक्ष काम केलेल्या महिन्यांवर आणि त्याच प्रमाणात कमी केलेल्या उद्दिष्टांवर व्हायला हवं. हे लेखी नसलं की चांगलं काम केलेल्या बाईलाही मधलंच रेटिंग चिकटवतात.

परत गेल्यावर कॅलिफोर्नियाच्या टीमकडे लक्ष दे. त्यांची सकाळी साडेआठची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री नऊला असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात आणि तीच मीटिंग दहाची होते, ती थेट मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. वेळ त्यांच्या घड्याळावर बांधलेली असली की हिवाळाभर तुझी झोप जाते. आठवड्यातल्या निम्म्या मीटिंग आपल्या सकाळी आठला माग. तेव्हा त्यांच्याकडे आदल्या संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेसहा. थोडी गैरसोय त्यांनीही सोसावी.

दूध काढणार असशील तर कॅलेंडरवर सकाळी ११ आणि दुपारी ३ अशी अर्धा-अर्धा तास जागा अडव. त्यावर कोणी मीटिंग टाकली तर कारण न सांगता नाकार. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. गोठवलेल्या आइसपॅकसह कूलर बॅगेत २४ तास. पंपाचा जोर अचानक कमी झाला तर मोटर बघण्याआधी सिलिकॉनचा छोटा व्हॉल्व्ह उजेडात धरून बघ. त्याच्या टोकाची चीर फाकलेली असते, धुताना बोट किंवा ब्रश आत घातल्यामुळे. दोन जादा व्हॉल्व्ह ऑफिसच्या खणात ठेव.

पाळणाघराच्या फॉर्मवर पहिला फोन नंबर बाळाच्या बाबाचा, अनिकेतचा लिही. नुसतं ‘दोघांचाही’ म्हटलंस तर दर वेळी फोन आईलाच येतो. ताप आला की मूल घरी पाठवतात, आणि पहिल्या वर्षी हे वरचेवर होतं. तेव्हा सोमवार ते बुधवार त्याने निघायचं, गुरुवार-शुक्रवार तू. स्प्रिंटमध्ये, म्हणजे दर काही आठवड्यांच्या कामाच्या आखणीत, स्वतःच्या वेळेचे शंभर टक्के धरू नकोस, सत्तर धर. पाळणाघराच्या सुट्ट्यांची यादी जानेवारीतच माग: दिवाळीत त्यांची सुट्टी बहुधा तुमच्यापेक्षा मोठी असते. अनिकेतला ‘मदत’ सांगू नकोस, पूर्ण काम दे. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस त्याच्याकडे म्हणजे तारीख लक्षात ठेवणं, अपॉइंटमेंट, कार्डावर नोंद, आणि नंतर ताप आला तर रात्रीचं जागरणही. तुझ्या सासूबाई येतील तेव्हा त्यांच्यावर दुपार सोपव, रोजचा अख्खा दिवस नको. त्यांच्या गुडघ्यांचाही विचार कर.

एक शक्यता आधीच सांगून ठेवते. परतल्यावर कोणीतरी प्रेमाने म्हणेल, ‘सध्या तुला हलकं काम देऊ, इंटर्नल टूल बघ.’ इंटर्नल टूल म्हणजे कंपनीतल्याच लोकांच्या वापराचं सॉफ्टवेअर. लगेच नको म्हणू नकोस, लगेच होही म्हणू नकोस. विचार: याने कोणता आकडा हलणार, किती इंजिनिअर, डिझायनर आहे का, आणि त्याचा आढावा कोण घेतं. रिफंडच्या तक्रारी हाताने सोडवणाऱ्या ऑपरेशन्सच्या टीमसाठी नीट टूल बनवलं तर एका तक्रारीला लागणारी मिनिटं मोजता येतात, आणि तो आकडा फायनान्सलाही कळतो. असं काम मिळालं तर घे. दीड इंजिनिअर आणि आढावा घेणारं कोणीच नाही, असं असेल तर ते प्रॉडक्ट नव्हे, कोपरा आहे. तिथे गेल्यास बाहेर यायला दोन अप्रेझल जातात.

ईमेलचा मसुदा शनिवारपर्यंत पाठव. भाषा मी बघते. तू फार गोड लिहितेस.

– आई