व्हेगासच्या काकांना, आईकडून आणि माझ्याकडून

तीर्थस्वरूप काकांना सा. न. वि. वि.

आपली अजून प्रत्यक्ष भेट नाही. मैत्रिणीने तुमचा नंबर दिला, "काकांनी तिथल्या थिएटरात बरीच वर्षं काम केलंय, विचार त्यांना" म्हणाली, आणि मी संकोचत फोन लावला. तुम्ही पाऊण तास बोललात. हे पत्र सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघडच लिहितेय. आईवडिलांना घेऊन लास व्हेगासला जाणारे पुष्कळ असतात, तुमचं बोलणं त्यांनाही कामी येईल.

मी विचारलं होतं, "कुठला शो बघावा?" तुम्ही उलट विचारलंत, "आईला किती चालवतं?" काका, त्या एका प्रश्नाने आमची अख्खी सहल सावरली. मी शोची नावं, रिव्ह्यू, भाव सगळं वाचून बसले होते, पण आईच्या गुडघ्यांचा विचार केलाच नव्हता. स्ट्रिप, म्हणजे मोठी हॉटेलं आणि कॅसिनो असलेला तिथला मुख्य रस्ता, जेमतेम सात किलोमीटरची. नकाशावर शेजारी दिसणारी हॉटेलं मात्र प्रत्यक्षात वीस-वीस मिनिटांवर, मध्ये पादचारी पूल, आणि थिएटर बहुतेकदा कॅसिनोच्या पार आतल्या टोकाला. रस्त्यात हात करून टॅक्सी थांबत नाही, हॉटेलच्या टॅक्सी स्टँडवरच जावं लागतं, हेही तुम्हीच सांगितलंत.

मग तुम्ही शोपासून नाही, पायांपासून आखणी केलीत. राहायला पार्क एमजीएम हॉटेल, कारण तिथे कॅसिनोतही सिगारेट चालत नाही आणि आईला धुराने ठसका लागतो. तिथून बेलाजिओ हॉटेलपर्यंत फुकटची ट्राम. बेलाजिओत सर्क दु सोले या सर्कस कंपनीचा पाण्यावरचा शो ‘ओ’, १९९८ पासून चाललेला. परत येताना ट्रामच्या नादी न लागता सरळ टॅक्सी. आणि हे सगळं विमानाची तिकिटं काढायच्या आधी, कारण मी ठरवलेल्या संध्याकाळी ‘ओ’ नव्हताच! शो नसलेल्या दिवसाला तिकडे ‘डार्क’ म्हणतात, हा शब्द मी तुमच्याकडून पहिल्यांदा ऐकला.

तिकिटाचं तर विचारूच नका. मी लॅपटॉप उघडून बसलेच होते. तुम्ही म्हणालात, "वरचा पत्ता अक्षर-अक्षर वाचून दाखव." ती साइट थिएटरची नव्हतीच. नाव आणि रंग हुबेहूब तसेच, भाव मात्र जवळपास दीडपट. मग हॉटेलच्या स्वतःच्या साइटवर गेलो. तिथेही ९ टक्के लाइव्ह एंटरटेनमेंट टॅक्स आणि सर्व्हिस फी धरून होणारा शेवटचा आकडाच खरा धरायचा. त्याच दिवशीची सवलतीची तिकिटं विकणारे काउंटर स्ट्रिपवर आहेत, पण मनासारखी खुर्ची तिथे मिळेलच असं नाही, म्हणून आईसाठी तो मार्ग नको म्हणालात. रस्त्यात कुणी "फुकट शो" म्हणून गाठलं तर समजायचं की आधी टाइमशेअरवाल्यांचं, म्हणजे सुट्टीच्या घरात वाटा विकणाऱ्यांचं, भाषण ऐकावं लागणार. दुसऱ्याच दिवशी एकाने गाठलंच. मी हसून "नको" म्हटलं आणि पुढे निघाले.

पुढच्या रांगा टाळा, पाणीही उडतं आणि अख्खं चित्र दिसत नाही, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. बॉक्स ऑफिसला फोन करून "पायऱ्या किती आहेत" विचारलं आणि मधल्या भागातल्या कडेच्या दोन खुर्च्या मिळाल्या. सातचाच शो घेतला, कारण नऊ वाजले की आई पेंगते. तासभर आधी पोचलो. आत एसी इतका गार की तुम्ही बजावून घ्यायला लावलेली शाल तिने पडदा उघडायच्या आधीच गुंडाळून घेतली.

आणि तो लाल पडदा! बघता बघता मागे ओढला गेला आणि समोर पाणीच पाणी. त्या तलावात सुमारे ५७ लाख लिटर पाणी असतं. एक कलाकार जिथून पाय न भिजवता चालत गेला, त्याच जागी थोड्या वेळाने दुसऱ्याने वरून सूर मारला. एक मुलगी पाण्यात गेली ती वर आलीच नाही. आईने माझं मनगट घट्ट धरलं. "अगं, ती मुलगी?" मी तिच्या कानात तुमचंच वाक्य सांगितलं, की खाली पाणबुडे असतात, ते कलाकारांना हवा देतात आणि पाण्याखालूनच बाहेर नेतात. तिने हात सोडला नाही, पण चेहरा निवळला. तुम्ही ते सांगितलं नसतंत तर उरलेला सगळा वेळ तिचं लक्ष त्या मुलीतच राहिलं असतं.

स्फिअरला, म्हणजे आत भलामोठा गोलाकार पडदा असलेल्या थिएटरला, मी दुसऱ्या दिवशी एकटीच गेले. वरच्या बाजूला उतार फार चढा आहे, आईला गरगरेल, हे तुमचं ऐकलं. खालच्या विभागातल्या मागच्या रांगांवर वरच्या मजल्याचं छत येतं आणि पडद्याचा वरचा भाग झाकला जातो, तेही ऐकलं, म्हणून मधल्या मजल्यावर बसले. आई तेवढ्यात खोलीत आराम करून संध्याकाळी बेलाजिओचे कारंजे बघायला तयार होती. फुकट असूनही तिला ते ‘ओ’इतकेच आवडले, तीनदा बघितले.

काका, आई येत्या रविवारी सकाळी तुम्हाला फोन करणार आहे. आभार मानायचे आहेतच, पण त्या पाणबुड्यांचं सगळं तिला तुमच्या तोंडून पुन्हा ऐकायचं आहे. प्रश्न कागदावर लिहून ठेवलेत तिने. वेळ काढाल ना?

तुमची,
गुडघेदुखीवाल्या आईची लेक