पहिली पावती फाडताना

सातारा,
८ मार्च २०२६

प्रिय अव्या,

सप्रेम नमस्कार. तू फोनवर विचारलंस, "एआयने बनवलेल्या गोष्टींना लोक पैसे देतात तरी का, आणि पहिला गिऱ्हाईक तुला सापडला कुठे?" तेव्हा दुकानात लग्नपत्रिकावाले बसले होते, म्हणून "नंतर बोलू" म्हणालो. पण हे फोनवर सांगण्यासारखं नाहीच. तूही एआयने किल्ल्यांचे व्हिडिओ काढायचं मनावर घेतलंयस, तर जरा ऐसपैस लिहितो.

डीटीपीचं, म्हणजे छपाईचा मजकूर संगणकावर जुळवायचं काम आता हंगामापुरतं उरलंय. मार्च ते मे पत्रिका, मग वर्षभर लेटरहेड आणि वाढदिवसाचे फ्लेक्स. त्यामुळे रात्री रिकामा वेळ. त्यात लहान मुलांच्या गोष्टी करायला घेतल्या. कथेचा कच्चा मसुदा यंत्राकडून, म्हणजे एआयकडून घ्यायचा, त्यावर लाल पेन चालवायचं (ती सवय आपली जुनीच), मग आवाजही यंत्राचाच. वर यूट्यूबवर टाकून द्यायचं. व्ह्यूज बरे यायचे. पैसा मात्र शून्य, आणि तो पुढेही फारसा येणार नव्हता, कारण यूट्यूबवर "मुलांसाठी बनवलेलं" असं सांगितलं की त्या व्हिडिओला कमेंट बंद, आणि चॅनेलच तसं असेल तर मेंबरशिपही (दरमहा पैसे देऊन सभासद व्हायची सोय) बंद. २०१९ मध्ये अमेरिकेत मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल यूट्यूबला १७ कोटी डॉलर भरावे लागले, त्यानंतर जानेवारी २०२० पासून हा नियम आला. नियम योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा की ऐकणारं पोर आणि मी यांच्यामध्ये पैशांचा थेट रस्ताच नाही.

मग मी परदेशातल्या आईबापांच्या मागे लागलो. तर्क सरळ होता: मुलांनी मराठी ऐकावं असं त्यांना वाटतं, अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांत रविवारी मुलांना नेऊन सोडतात, म्हणजे दीडशे रुपये काय जड आहेत? ओळखीतून ओळखी काढून ग्रुपवर गोष्टी पाठवल्या. अंगठे आले, बदाम आले, "खूप स्तुत्य उपक्रम" आलं. पैसे कुणी दिले नाहीत. त्यांना दोष देत नाही. ते आधीच दहा ठिकाणी महिन्याचे डॉलर भरत असतात, त्यात आणखी एक कशाला.

पैसे आले ते थेट आपल्या साताऱ्यातल्या शाहूपुरीतून. माझ्या आईच्या भजनी मंडळात एक काकू आहेत, बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांचा नातू न्यू जर्सीत. रोज सकाळी सहाला त्यांचा व्हिडिओ कॉल असतो, कारण तिकडे तेव्हा रात्रीचे साडेसात-साडेआठ, पोराची झोपायची वेळ. पण बोलायचं काय? दोन मिनिटांत "जेवलास का, शाळेत काय केलंस" संपतं आणि पोरगं कार्टूनकडे पळतं. आईने त्यांना माझी एक गोष्ट पाठवली होती. त्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "यात आमच्या ओजसचं नाव घालता येईल का?" आता यंत्राला ते काय अवघड? चिमणीच्या जागी ओजस गेला, कावळ्याचं घर पावसात वाहून जायचं ते गेलंच, पण या वेळी ओजसने त्याला आपल्या घरात घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉलवरच ती लावली. पोरगं जागचं हललं नाही म्हणे.

खरी गोम पुढे आहे. त्या मला म्हणाल्या, "पण तुझी बाई झाड नीट म्हणत नाही रे." खरंच होतं. यंत्राचा मराठी आवाज हिंदीच्या वळणावर जातो. झाडातला झ, चांदोबातला च, जावयाचा ज, सगळे हिंदीसारखे टाळूला लावून म्हणतो. आपल्याला ऐकताना खटकतं एवढंच, पण काकूंची काळजी निराळी होती. पोरगं आधीच इंग्रजी वळणाने मराठी बोलतं, त्यात गोष्टीतली बाईही चुकीचं शिकवणार. तेव्हापासून मी आवाजासाठी वेगळी प्रत करतो. वाचायच्या प्रतीत चांदोबा, आवाजाच्या प्रतीत त्सांदोबा. जावयाच्या ज खाली नुक्ता, म्हणजे टिंब. झाडाच्या जागी नुक्त्याचा ज आणि पुढे काना-ड. तरी दर गोष्टीत दोन-तीन शब्द हुकतातच, ती वाक्यं पुन्हा काढायची आणि जोडायची. एका पाच मिनिटांच्या गोष्टीला यंत्र दोन मिनिटं घेतं आणि मी अख्खी संध्याकाळ. हे काम दुकानातल्या प्रूफ वाचण्याहून वेगळं नाही, फक्त डोळ्यांऐवजी कानांनी.

नीट झालेली गोष्ट ऐकल्यावर काकूंनीच विषय काढला, महिन्याचे किती घेणार. मी १४९ म्हणालो. आठवड्याला एक गोष्ट, नातवाच्या नावासह. त्यांनी पर्स उघडली आणि तीन महिन्यांचे रोख काढून टेबलावर ठेवले. वर, "पावती दे." अव्या, मी आयुष्यभर लोकांची पावतीपुस्तकं छापली, स्वतःचं एकही नव्हतं. एका मंडळाच्या वर्गणीच्या उरलेल्या पुस्तकावर वरचं नाव खोडून दिली.

म्हणून तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर हे: ऐकणारा आणि पैसे देणारा एकच असतो असं धरून चालू नकोस. माझं ऐकणारे न्यू जर्सीत, डब्लिनमध्ये, सिंगापुरात. देणारे सातारा, कराड, चिंचवड. आजी-आजोबांना नातवाशी रोज बोलायला पाच मिनिटांचा विषय हवा होता आणि त्याची त्यांना खरोखर निकड होती. आईबापांना मराठी टिकावी असं वाटतं, पण ते वाटण्यापुरतं. हे कळल्यावर मी जाहिरात बंद केली आणि ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेत जाऊन बसलो. तिथे एका आजोबांना आवडलं की पाच जणांना कळतं, हास्यक्लबात तर लगेच.

पैसे घेण्याची रीतही त्यांच्याकडूनच शिकलो. मी हौसेने यूपीआय ऑटोपे लावून घेतलं होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याआधी चोवीस तास कळवावं लागतं, पंधरा हजारांपर्यंत दर वेळी पिन लागत नाही, सगळं रीतसर. पण "आपोआप कापले जातात" हे शब्द ऐकले की या वयाची माणसं फोन खिशात टाकतात. फसवणुकीच्या बातम्या रोज वाचतात, त्यांचं बरोबर आहे. आता तिमाही घेतो, क्यूआर किंवा रोख, आणि छापील पावती. संपायच्या आठवड्यात मी स्वतः फोन करतो. आकडा अजून शंभराच्या आतच आहे, त्याने घर चालत नाही, दुकानाचं भाडं सुटतं. आणि जून-जुलैत गळती लागते, कारण तिकडच्या सुट्ट्यांत नातवंडंच इकडे येतात. तेव्हा माझी गोष्ट कोण ऐकणार! गणपतीच्या आधी परत सगळे हजर.

गिऱ्हाईक टिकून राहायला एका युक्तीने फार मदत केली. एका आजींनी विचारलं, गोष्ट माझ्याच आवाजात होईल का? होते, एखाद्या मिनिटाच्या नमुन्यावरून यंत्र आवाज उचलतं. करून ऐकवलं. आवाज त्यांचाच, पण त्या जिथे हसत हसत थांबतात तिथे ते यंत्र सपाट पुढे जायचं. आजींनीच नको म्हणून सांगितलं. मग ठरवलं की गोष्ट यंत्राने सांगायची आणि शेवटचं वाक्य आजीने स्वतः बोलून व्हॉट्सअपवर पाठवायचं, मी ते शेवटी जोडतो. कुणी "झोप आता सोन्या" म्हणतं, एक आजोबा दर वेळी पाढ्यातला एक प्रश्न विचारतात. पोरं शेवटचं ऐकण्यासाठी गोष्ट पुरी ऐकतात, असं सगळेच सांगतात. नूतनीकरणाचा फोन करताना आता मला फार बोलावं लागत नाही.

एकाने प्रसिद्ध गायकाच्या आवाजात अंगाई मागितली होती, जास्त पैसे देतो म्हणाला. साफ नाही म्हणालो. २०२४ मध्ये अरिजित सिंगने आपल्या आवाजाची एआय नक्कल करणाऱ्यांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयातून मनाई हुकूम आणलाय. दीडशे रुपयांच्या धंद्यात कोर्टाची पायरी कशाला? मुलांचंही तसंच. फक्त हाक मारायचं नाव घेतो, तेही आईबापांची लेखी संमती असेल तर. फोटो नाही, आडनाव नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्यांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. प्रत्येक गोष्टीच्या सुरुवातीला "हा आवाज यंत्राचा आहे" हे वाक्य असतं. केंद्राच्या आयटी नियमांत या फेब्रुवारीत दुरुस्ती होऊन अशा मजकुरावर ठळक सूचना असण्याचं बंधन आलं, पण मी आधीपासूनच ठेवतोय. त्यामुळे एकही गिऱ्हाईक गेलं नाही.

आता तुझे किल्ले. तुझं आत्ताचं काम मुलांसाठीचं नाही, म्हणून मेंबरशिप मिळू शकते: ५०० सबस्क्रायबर, नव्वद दिवसांत तीन व्हिडिओ आणि वर्षात ३,००० तास पाहिलं गेलेलं असलं की अर्ज करता येतो, आणि मेंबरशिपच्या पैशातला ७० टक्के वाटा तुझा. पण घाऊक, एकाच साच्यातले व्हिडिओ काढणाऱ्यांचं उत्पन्न यूट्यूब अडवतं, जुलै २०२५ मध्ये तो नियम आणखी स्पष्ट केलाय. रोज एक किल्ला टाकायचा बेत सोड. आणि खरं भासणारं दृश्य यंत्राचं असेल तर अपलोड करताना तसं सांगावं लागतं, ते विसरू नकोस.

तू पाठवलेला रायगड पाहिला. दिसतो झकास, पण लेका, हा राजस्थानातला रायगड आहे! झरोके काय, घुमटाच्या छत्र्या काय. यंत्राला किल्ला म्हटलं की तेच माहीत. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफमाऱ्यात रायगडावरचे वाडे जळाले, आज जोती उरलीयेत. म्हणजे वरचं सगळं कुणाची तरी कल्पनाच असणार. तर ती कल्पना कुठे सुरू होते ते पडद्यावर दाखव. जोतं आहे तसं दाखव, त्यावर वाडा वेगळ्या रंगात उभा कर. गेल्या जुलैत आपले बारा किल्ले, म्हणजे अकरा इथले आणि तमिळनाडूतला जिंजी, युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून असे व्हिडिओ ढिगाने निघालेत. त्यातले बहुतेक तुझ्यासारखेच सुंदर आहेत. "हे आहे आणि हे मी मानलंय" एवढं सांगणारे मला तरी दिसले नाहीत.

आणि पैसे कोण देईल? पाहणारे तरुण ट्रेकर देतील असं मला वाटत नाही. तू स्वतः मास्तर आहेस. चौथीच्या इतिहासात शिवाजी महाराजच आहेत, तर चौथीच्या शिक्षकांना वर्गात चालवता येईल असा आठ मिनिटांचा भाग, सोबत नकाशाचं एक पान आणि पाच प्रश्न, हे देऊन बघ. आधी तुमच्या केंद्रातल्या चार-पाच शिक्षकांना फुकट दे आणि वर्गात मागे बसून पोरं कुठे कंटाळतात ते पाहा. किंमत मात्र पहिल्या दिवशीच सांगून ठेव. "पुढे बघू" म्हटलं की ते कायमचं फुकट होतं.

एक शेवटचं, खर्चाचं. फुकटच्या प्लॅनवर बनवलेला आवाज किंवा संगीत विकायचा हक्क मिळत नाही, आवाज बनवणारं इलेव्हनलॅब्स असो की संगीत बनवणारं सुनो. एक महिन्याचा साधा पैसेवाला प्लॅन घे, त्याच महिन्यात चार भाग काढून ठेव आणि बंद कर. बिल डॉलरमध्ये आलं तर बँक वर आपलं काही लावतेच, ते धरून किंमत ठरव.

पहिल्या भागाची संहिता आवाज काढायच्या आधी मला पाठव. ज, च, झ मी लावून देतो. पाडव्यापर्यंत पत्रिकांची सगळ्यात जास्त गर्दी आहे, त्यानंतर कुठल्याही संध्याकाळी चालेल. वहिनींना नमस्कार, छोटीला पापा.

तुझा,
सुध्या