बाबा, आता ही मेरी रेनॉल्ट वाचा

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगायला घेतलं की बाबा मधेच "मग शेवट काय झाला" विचारतात आणि आई माझ्या तब्येतीवर घसरते, म्हणून लिहूनच काढते. मला एक लेखिका सापडलीये, मेरी रेनॉल्ट. नवीन नाही हां, 1905 चा जन्म लंडनचा, 1983 मध्ये केपटाउनला वारली. शिक्षणाने नर्स, महायुद्धात हॉस्पिटलच्या ड्यूट्या केल्या आणि कादंबऱ्याही लिहिल्या, मग 1948 ला दक्षिण आफ्रिकेत जाऊन राहिली आणि तिकडे बसून तिने अख्खं प्राचीन ग्रीस उभं केलं. नाव झालं ते अलेक्झांडरवरच्या तीन कादंबऱ्यांमुळे, पण माझ्या हाती आधी पडली ती 'द प्रेझ सिंगर', 1978 ची, जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. बरंच झालं म्हणते मी, कारण यात लढाया जवळपास नाहीतच.

गोष्ट सिमोनिडीस नावाच्या कवीची, इसवीसनपूर्व सहाव्या शतकातला, केओस बेटावरचा. रूपाने बेताचा म्हणणंसुद्धा दयाळूपणाचं होईल, बाप कडक, आणि हा गाणाऱ्या गुरूच्या मागे घर सोडून जातो. जिंकलेल्या पैलवानांवर, मोठ्या लोकांवर गाणी रचायची आणि त्याची बिदागी घ्यायची हा त्याचा धंदा. पुस्तक सुरू होतं तेव्हा तो म्हातारा झालाय, सिसिलीत बसून कुरकुरतोय की आजकालची पोरं गाणं नुसतं ऐकून लक्षात ठेवत नाहीत, लिहून घेतात, लाज नाही वाटत यांना. आई, इथे तू आठवलीस, पुस्तक न उघडता पानंच्या पानं म्हणतेस आणि माझं सगळं फोनमध्ये. याच सिमोनिडीसबद्दल जुनी दंतकथा आहे, मेजवानीच्या दालनाचं छप्पर कोसळलं, प्रेतं ओळखू येईनात, तेव्हा कोण कुठे बसलं होतं ते आठवून याने एकेकाची ओळख पटवून दिली. गोष्टी जागेवार मनात मांडून ठेवायची युक्ती त्याच्याच नावावर आहे.

बाबा, तुमचा नेहमीचा प्रश्न, यात खरं किती आणि लेखकाच्या पदरचं किती. तर सिमोनिडीसच्या कविता बहुतेक हरवल्यात, तुकडे उरलेत, म्हणजे पदरचं भरपूर. पण अथेन्सचा भाग वाचा. तिथे हिप्पियास आणि हिप्पार्कस हे हुकूमशहा भाऊ, त्यातला हिप्पार्कस कवींना दरबारी आणून पोसणारा, आपला सिमोनिडीस त्यांच्यातलाच. मग इसवीसनपूर्व 514 मध्ये सणाच्या मिरवणुकीत हार्मोडियस आणि अरिस्टोगिटॉन हिप्पार्कसला मारतात, कारण खाजगी, हार्मोडियसने फेटाळलेलं हिप्पार्कसचं प्रेम आणि मग हार्मोडियसच्या बहिणीचा चारचौघांतला अपमान. उरलेला भाऊ त्यानंतर जास्तच क्रूर झाला, चार वर्षांनी त्याला हाकललं, आणि मग गावाने त्या दोघांना स्वातंत्र्यवीर करून त्यांचे पुतळे उभारले. थुसिडिडीस या ग्रीक इतिहासकाराने नंतर कळवळून लिहिलंय की अहो, खरा सत्ताधीश हिप्पियास होता, लोकांना काही ठाऊकच नाही. आणि कहर म्हणजे त्या मारेकऱ्यांची स्तुती करणाऱ्या जुन्या ओळी सिमोनिडीसच्याच नावावर सांगतात! ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या खुन्यांची स्तुती. त्याने खरंच लिहिल्या का, पैसे घेऊन लिहिल्या का, की कुणी नंतर त्याच्या नावावर खपवल्या, यावर आपण दोघं तासभर भांडू शकतो.

रेनॉल्ट त्याला धुतल्या तांदळाचा करत नाही हे मला फार आवडलं. भाटगिरी कुठे संपते आणि खरी कविता कुठे सुरू होते हे त्याचं त्यालाच धड माहीत नाहीये, आणि ती मधे येऊन सांगतही नाही. तक्रारी आहेतच. पहिला शंभरेक पानांचा प्रवास रेंगाळतो, बायका जवळजवळ सावल्यांसारख्या येतात जातात, आणि नावं इतकी की मी शेवटी कागदावर लिहून ठेवली (सिमोनिडीसने मला हाकललंच असतं).

इंग्रजी सोपं नाहीये, वाक्यं वळणं घेत जातात, बाबा तुम्ही चष्मा बदलून घ्या आधी, टाळताय ते मला कळतंय. आईला मी फोनवर थोडं थोडं मराठीत सांगत जाईन, तिने फक्त मधे जेवलीस का विचारायचं नाही. अलेक्झांडरच्या तिन्ही मी मागवल्यात, आधी मी वाचणार, मग तुमचा नंबर.

तुमची,
मोठी